रंजूची पहिली इयत्ता

रंजूचं नाव शाळेच्या यादीत गेलं, तेव्हा आई ओट्यावर बसून सुकट पाखडत होती आणि आलेल्या बाईंना तिने बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं. मे महिना सरत आला की शाळेतल्या बाई आणि गुरुजी घरोघरी फिरून सहा वर्षं पुरी झालेली मुलं लिहून नेत. आमच्या आळीत झिराडकर बाई यायच्या. काळी छत्री, हातात लांब वही, पायात कॅनव्हासचे बूट. पनवेलात तेव्हा साडीखाली बूट घालणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. घरात मुलं किती, असं त्यांनी विचारलं. आई सूप न थांबवता म्हणाली, "दोन. मोठी चौथी शिकली, आता घर बघते. धाकटी ती बसलीय बघा. ती तशीच हाय."

रंजू दारात पाय पसरून बसली होती. तिला सहा वर्षं होऊन गेली होती. तोंड जरा उघडं, त्यातून लाळ गळायची, म्हणून मी तिच्या फ्रॉकला बाबांच्या जुन्या शर्टाचा तुकडा पिनेने लावून ठेवायची आणि दिवसातून चार वेळा बदलायची. ती चालायला लागली तीन वर्षांची झाल्यावर. शब्द चार-पाच होते. मला 'ता' म्हणायची. हात फार मऊ, बोटांत जोर नसल्यासारखे. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि आईला सोडून तिलाच म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?" रंजूने सुपातली एक सुकट उचलून बाईंच्या हातावर ठेवली. बाई हसल्या, सुकट परत सुपात टाकली आणि वहीत लिहायला लागल्या.

"बाय, तिला कशाला लिवताव?" आई म्हणाली. "ती काय शिकनार हाय?"

"शिकेल की नाही ते मी आत्ता कसं सांगू? सहा वर्षं पुरी झालीत, तेवढं मला लिहायचं असतं."

"लोक हसतील वो."

"हसू देत. जूनमध्ये पाठवा."

बाई गेल्यावर आईने सूप झटकून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शनवार तेल्यांची बाय हाय ती. त्यांचं ऐकलंच पायजे आसं नाय." आमच्याकडे जुनी माणसं बाईंच्या ज्यू समाजाला तसं म्हणत. पूर्वी ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. बाईंच्या आळीत तेव्हा त्यांची सहा-सात घरं उरली होती. बोलणं आमच्यासारखंच, साड्या आमच्यासारख्याच, फक्त देवळाला ते मशीद म्हणायचे आणि तिथे मूर्ती नसायची.

शाळेतल्या मोठ्या गुरुजींनी एक अट घातली. मुलीला सांभाळायला घरचं कोणीतरी वर्गात बसलं पाहिजे. आई बाजार सोडू शकत नव्हती, बाबा पळस्प्याच्या फाट्यावर ट्रकच्या गॅरेजात कामाला होते, ते सकाळी सातला निघायचे. राहिले मी. मला सोळावं लागलं होतं. माझी शाळा चौथीनंतर थांबली ती रंजू झाली म्हणून. आई सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेली की तान्ह्या पोरीजवळ कोण बसणार? मला त्या वेळी वाईट वाटलं होतं का, ते आठवत नाही. कोणी मला विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आता रंजूबरोबर पुन्हा पहिलीत जाऊन बसायचं ठरलं, तेव्हाही तसंच. आई तेवढी हसली. "उंद्या हिला बघाया पावने आले तं काय सांगू? पोरगी पयलीत हाय?" बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सांग, पोरगी हुशार हाय, दोनदा पयली केली." मग दोघं हसले. मीही हसले असेन.

आमचं घर खाडीकडच्या बाजूला, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सुक्याची पोती. आई आठवड्यातून एकदा करंजाला जायची, तिथे बंदरावर वाळवलेले बोंबील, सुकट, जवळा घेऊन यस्टीच्या टपावर टाकून आणायची. त्या पोत्यांना टेकूनच आम्ही झोपत होतो, त्यामुळे तो वास आम्हाला येत नव्हता. दुसऱ्यांना येत होता, हे मला पहिलीत बसल्यावर पुन्हा आठवलं. सकाळी सगळ्यात आधी जवळच्या भातगिरणीचा धडधडाट सुरू व्हायचा, तो भिंतीतून अंगात यायचा. रंजूला तो आवाज आवडायचा. ती गाल भिंतीला लावून उभी राहायची. मग तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि रंजूला पेज, मीठ घालून. ती चमच्याने खायची, अर्धी सांडायची. शाळेच्या दिवशी मी तिला भरवत असे, वेळ लागू नये म्हणून. तिला चमचा येत होता, पण मला घाई असायची. हे लिहिताना लक्षात येतं आहे की घाई मला बऱ्याच गोष्टींची असायची.

वर्गात आम्ही शेवटच्या बसकरपट्टीवर, भिंतीच्या कडेला बसायचो. मी परकर-पोलक्यात, गुडघे जवळ घेऊन, शक्य तितकी लहान होऊन. पुढची पोरं वळून वळून बघायची. पहिल्या आठवड्यात कोणीतरी "सुकट आली, सुकट आली" असं सुरू केलं. पुढच्या पट्टीवर मनीषा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती मला सरळ विचारायची, "ताई, तुम्ही नापास झालात का?" मी मान हलवायची, हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. बाईंनी एकदाच सगळ्यांना सांगितलं, "ती माझी मदतनीस आहे. तिला बाई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. आणि वासाचं म्हणाल तर तुमच्या घरी आज काय शिजलं ते मी एकेकाच्या दप्तरावरून सांगू का?" पोरं गप्प झाली. नंतर रंजू त्यांना आवडायलाही लागली. ती कोणाचीही पेन्सिल पडली की उचलून द्यायची. ते काम तिला जमत होतं आणि ती ते सोडत नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा असायची, त्या दिवशी बाई यायच्या नाहीत. त्यांचं आणि मोठ्या गुरुजींचं आपसात काहीतरी ठरलेलं होतं. बाई बाकीचे पाच दिवस अर्धा तास आधी येऊन सगळ्या शाळेची हजेरीची पत्रकं भरायच्या आणि शनिवारी गुरुजी आमचा वर्ग बघायचे. शनिवारी रंजूला आणू नकोस, असं गुरुजींनी मला सांगितलं होतं. मी आणत नव्हते.

बाईंची शिकवायची रीत साधी होती. त्यांनी मला एक दिवस शाळा सुटल्यावर थांबवलं. रंजूच्या बोटांत पाटीवरची पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "हे बघ. आधी तुझा हात तिच्या हातावर. पूर्ण. तिचा हात तू फिरवायचा. दिवाळीपर्यंत असंच. दिवाळीनंतर तू सुटत जायचं. आधी फक्त मनगट धर. पंधरा दिवसांनी कोपर. मग खांद्याला नुसतं बोट. आणि मग नुसती शेजारी बस. अक्षर येवो न येवो. कळलं?" मी हो म्हटलं. मला कळलं होतं. अजूनही पाठ आहे. मनगट, कोपर, खांदा, शेजारी.

आता आमच्या नव्या वसाहतीत एक मुलगा आहे, त्याच्याबरोबर वर्गात बसायला पगारी बाई येते. तिने तिच्या कामाचं शिक्षण घेतलं आहे. मी एकदा जिन्यात तिला विचारलं, काय शिकवतात तुम्हाला? ती म्हणाली, काकू, सगळ्यात आधी हेच शिकवतात की मुलापासून लांब कसं व्हायचं. मी बरं म्हटलं आणि वर आले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे रंजूचं फक्त मनगट धरलं. पेन्सिल तिच्या बोटांतून घरंगळली. पुन्हा दिली, पुन्हा घरंगळली. बाकीची मुलं फळ्यावरचे शब्द उतरवत होती. मनीषा वळून बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "बाई, रंजूनं कायच नाही लिहिलं!" बाई फळ्याकडे तोंड करून होत्या. त्या वळायच्या आत मी माझा हात रंजूच्या हातावर ठेवला. अख्खा हात. 'कमळ' लिहून झालं. बाई आल्या, पाटी बघितली, मला म्हणाल्या, "मनगटच धरलं होतंस ना?" मी मान हलवली. त्यांनी रंजूच्या पाटीवर खडूने चांदणी काढली. रंजूने ती पाटी पुसू दिली नाही. डोक्यावर धरून घरी आणली आणि आईने ती बाजारात नेऊन गिऱ्हाइकांना दाखवली. कोन गावच्या एका बाईने म्हणे पाटीला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी मनगट धरायला हवं होतं. धरलं नाही. पुढे कोपराची वेळ आली, मग खांद्याची. बाई वर्गभर फिरायच्या, चाळीस मुलं होती, आणि मी भिंतीच्या बाजूला अंग टाकून बसायची, त्यामुळे माझा हात दिसत नव्हता. बाई जवळ आल्या की मी तो काढून घ्यायची. अक्षरं फार नीट आली तर संशय येईल, म्हणून मी माझा हात सैल सोडून ती वाकडी काढायला शिकले. 'र'ची शेपटी लांब जाऊ द्यायची, काना तिरका. ते मला फार छान जमायला लागलं. खोटं बोलायचं म्हणून मी हे करत होते असं मला वाटत नव्हतं. वर्गातून बाहेर पडलं की मी त्याचा विचारच करत नव्हते. चांदण्या मिळत होत्या, बाई हसत होत्या, आई रात्रीचं कालवण वाढताना रंजूच्या ताटात मोठा तुकडा टाकत होती. चौथीनंतर माझ्याकडे बघून कोणी छान म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हणत होते ते रंजूला. मला तेवढंही पुरत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला रंजूने, म्हणजे मी, पाटीवर 'रंजना' लिहिलं. बाई ती पाटी घेऊन मोठ्या गुरुजींच्या खोलीत गेल्या. आईला कळलं तेव्हा तिने उत्तम जवळा निवडून, दोनदा पाखडून, पिशवीत भरला आणि मला नि रंजूला घेऊन बाईंच्या घरी गेली. बाईंनी पिशवीत बघितलं आणि हसून कपाळाला हात लावला.

"आहो, हा आम्हाला चालत नाही. आम्हाला खवल्यांचा मासा लागतो."

"म्हंजे सुकट पन नाय?"

"नाही."

"कोलंबी?"

"नाही."

"चिंबोरी? तिसऱ्या?"

"काहीच नाही."

आईने पदर तोंडाला लावला. "आगो बाय माजे! मंग खाडीजवल राहून तुमी जगता कशावर?"

"बांगडा आहे की. पालू आहे. उपाशी नाही मेलो अजून," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन गव्हाच्या चिकाच्या हलव्याच्या वड्या घेऊन आल्या. नारळाच्या दुधातला, गुलाबी. रंजूने तीन खाल्ल्या. परत येताना आई म्हणाली, "चांगली हाय गो बाय. पुढच्या येलेला बांगडाच देव." पण ती वेळ आली नाही, कारण त्याच भेटीत बाईंनी सांगितलं की मे महिन्यात त्या इस्रायलला मुलाकडे कायमच्या जाणार आहेत. मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आता नऊच भरायचे. दहावा माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागायचा. इथे राहून काय करायचं, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाण्याआधी मला हिला दुसरीत टाकायची आहे. एकदा दुसरीच्या पटावर नाव गेलं की मग सहसा कोणी काढत नाही. पहिलीत राहिली तर माझ्या मागून येणारे हिला पहिल्या आठवड्यात घरी बसवतील."

मी हलव्याची वडी हातात धरून बसले होते. ती वितळत होती.

मार्चमध्ये साहेबांची तपासणी लागली. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत एक रीत होती. कच्च्या मुलांना सांगायचं, उद्या येऊ नका. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. मी शाळेत असताना माझ्या शेजारची मुलगी दरवर्षी त्या दिवशी घरी राहायची आणि आम्हाला तिचा हेवा वाटायचा. मोठ्या गुरुजींनी वर्गात येऊन चार नावं वाचली. शेवटचं रंजूचं. बाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "रंजना येणार."

"बाई, कशाला उगीच?"

"ती नाव लिहिते. तुम्ही स्वतः पाटी बघितलीत. साहेबांनी बघू दे आणि लिहू दे शेऱ्यात."

गुरुजींनी खांदे उडवले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं की झालं असतं. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याच मी बघत बसले.

साहेब उंच होते, आवाज मऊ. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी मुलांना पाढे विचारले, एकाला पेरू काढायला सांगितला. मग शेवटच्या पट्टीकडे आले. मला बघून म्हणाले, "ही कोण? ही कितवीत?" सगळा वर्ग हसला. बाईंनी सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे वा. तू जरा बाहेर थांब बाळ, आम्ही हिच्याशी बोलतो." मी उठले. रंजूने माझा परकर धरला, मी तो सोडवला. बाहेर व्हरांड्यात पाण्याचा माठ होता, त्याच्यापाशी उभी राहिले. खिडकीच्या गजांतून सगळं दिसत होतं.

"रंजना, नाव लिहून दाखव बघू," साहेब म्हणाले आणि तिच्यासमोर खाली बसले. रंजूने पेन्सिल घेतली. पाटीवर टेकवली. हात पुढे केला आणि थांबली. ती घाबरली नव्हती. ती वाट बघत होती. रोज असंच तर होतं, ती हात पुढे करायची आणि मग तो आपोआप चालायला लागायचा. बाई म्हणाल्या, "हं, रंजू, र काढ." रंजूने वर बघितलं, इकडे तिकडे बघितलं. मग डाव्या हाताने साहेबांचा हात धरला, तो उचलला आणि नीट आपल्या उजव्या हातावर आणून ठेवला. आणि पाटीकडे बघत बसली. आता चालेल म्हणून.

तिची लाळ त्यांच्या मनगटावर पडली. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. साहेबांनी हात काढून घेतला, रुमालाने पुसला, हळूच पुसला, तिला वाईट वाटू नये असा. "राहू द्या बाई," म्हणाले आणि उठले. बाहेर जाताना माझ्या शेजारून गेले. माठाच्या तोटीतून थेंब पडत होते, मी तोटी घट्ट केली.

साहेबांनी शेरा लिहिला, की ही विद्यार्थिनी लेखन करत नाही, वर्गोन्नतीस पात्र नाही. बाई चिडल्या होत्या, पण माझ्यावर नाही. "नवा माणूस, तुला बाहेर काढलं, ती बुजली," त्या मला म्हणाल्या. "घरी लिहिते ना ती?" मी म्हटलं, "हो." एवढंच. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला की मी या मुलीला वर्षभर शिकवलं आहे, ती लिहिते, शेऱ्याचा फेरविचार व्हावा. खाली स्वतःची सही. मोठे गुरुजी वाईट नव्हते. ते म्हणाले, "नुसत्या अर्जाने काही होणार नाही. मुलीकडून घरी निवांतपणे कागदावर नाव लिहून घ्या. पालकाचा अंगठा घ्या. मी सोमवारी तालुक्याला जाणार आहे, साहेबांना हातात देतो. ते ऐकतील." बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि तळाशी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं : वरील अक्षरे माझी मुलगी रंजना हिने स्वतः लिहिली आहेत. त्याच्याखाली अंगठ्यासाठी जागा सोडली. कागद घडी न घालता पुठ्ठ्यावर ठेवून माझ्या हातात दिला. "आज शुक्रवार. दिवस मावळला की आमचा शनिवार लागतो, त्याच्या आत मला घरी पोचायचंय. सोमवारी सकाळी लवकर आण. हे झालं की ती दुसरीत."

आईने संध्याकाळी भांडी घासायच्या आधीच अंगठा दिला. "काय लिवलाय यात?" तिने विचारलं. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. मी वाचून दाखवलं. "रंजूनं स्वतः लिवलाय आसं?" आई म्हणाली. "मंग देते की." शाई नव्हती, तर तिने चुलीतली काजळी तेलात कालवली आणि अंगठा दाबला. वरची जागा कोरी होती आणि खाली आईचा अंगठा.

शनिवार गेला. रविवारी चहा झाल्यावर मी रंजूला घेऊन बसले. मध्ये पाट, पाटावर कागद, तिच्या हातात शिसपेन्सिल. तिने हात पुढे केला आणि थांबली. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घातले. का, ते मला नीट सांगता येत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. वर्षभर शंभर वेळा केलं होतं, आणखी एकदा केलं असतं तर रंजू दुसरीत गेली असती. पण त्या कागदावर खाली आईचा अंगठा होता आणि मी पुन्हा पुन्हा तेवढी एक ओळ वाचत होते. रंजूने माझा दंड ओढला. तिला वाटलं मी खेळते आहे. हसली, मांडीखाली बोटं घालून माझा हात शोधायला लागली. मग रडली. मग पेज मागितली, मी दिली नाही. आई आतून ओरडली, "लिवलाय काय गो? ताटं घ्यावाची हायेत." मी म्हटलं, लिहितेय.

बऱ्याच वेळाने, बहुतेक कंटाळून, रंजूने पेन्सिल मुठीत धरली, चमचा धरायची तशी, आणि कागदावरून ओढली. डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला फिकट, शेवटी कागद फाटेल इतकी दाबलेली. वाकडी, वर चढत गेलेली एक रेघ. ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. आपल्याला कोणाचा हात लागलेला नाही आणि तरी हे कुठून आलं, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. किंवा मला आज तसं वाटतं.

सोमवारी बाईंनी पुठ्ठ्यावरून कागद उचलला. वर रेघ, खाली त्यांचं वाक्य, त्याखाली आईचा अंगठा. त्यांनी तो उलटा करून मागे बघितलं, मागे काही नव्हतं.

"ही तिने काढली?"

"हो."

"एकटीने?"

"हो."

"आणि पाट्या?"

मी रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या खूप वेळ रंजूकडे बघत होत्या, रंजू टेबलाखाली कोणाची तरी पडलेली पेन्सिल उचलत होती.

"मनगट, कोपर, खांदा," बाई म्हणाल्या. "मी चाळीसांत फिरत होते. माझंही चुकलं. एकदा खाली बसून बघायला हवं होतं." मग रेघेवर बोट ठेवून, "वर्ष गेलं गं तिचं. ही रेघ नोव्हेंबरात आली असती."

त्यांनी मोठ्या गुरुजींकडे जाऊन आपला अर्ज परत मागून घेतला. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. बाई मेमध्ये गेल्या. जूनमध्ये नवे गुरुजी आले, त्यांनी आठवडाभर आम्हाला बसू दिलं आणि मग पटावरून नाव काढलं. त्यानंतर रंजू शाळेत गेली नाही. माझं लग्न ठरलं ते दोन वर्षांनी, रंजूला माझ्याबरोबर ठेवून घ्यायला तयार असलेल्या घरात. त्या दोन वर्षांत मी तिला रोज पाटी दिली आणि स्वतः लांब बसले. ती रेघा काढायची. खूप रेघा. अक्षर कधी आलं नाही. वेळ गेल्यामुळे आलं नाही की येणारच नव्हतं, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसणार.

त्या वर्षाच्या शेवटी, बाई जायच्या आधी, सगळ्या मुलांना प्रगतिपुस्तकं मिळाली. रंजूचंही होतं. मी ते शाळेच्या फाटकाबाहेर उघडलं. वाचन, गणित, पाठांतर या सगळ्यांसमोर आडवी फुली होती. फक्त लेखनासमोर बाईंनी गुणांच्या जागी शब्द लिहिले होते. मी घरी आले तेव्हा आई बाजाराला निघायच्या तयारीत होती, चुंबळ डोक्यावर ठेवून पाटी उचलायला कोणी येतंय का बघत.

"काय लिवलाय गो बाईनं?"

मी वाचलं, "रेघ काढते. स्वतः."

"आन?"

"आणि काही नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

आईने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मग म्हणाली, "उचल," आणि मी पाटीला हात लावला.